भेंडाच्या पानावरचं कँटन

नमस्कार श्रोतेहो.

आज मी ज्या चित्रांबद्दल बोलणार आहे, ती कदाचित तुमच्यापैकी कुणाच्या घरात असतील, आणि ती नेमकी काय आहेत हे घरात कुणाला ठाऊक नसेल. वही उघडावी तेवढं पान. त्यावर एखादी चिनी राणी, एखादा अधिकारी, फुलपाखरू, नाहीतर शिडाचं जहाज. कडेने फिकट निळी रेशमी फीत. रंग दीडशे वर्षांनंतरही झगझगीत, आणि पान मात्र मधोमध तडकलेलं. जुन्या वस्तूंचे व्यापारी याला ‘राइस पेपरवरचं चिनी चित्र’ म्हणून दाखवतात. तांदळाचा त्यात कणही नसतो. इतकंच काय, नीट पाहिलं तर तो कागदसुद्धा नसतो. अशा चित्राची पारख इथूनच सुरू होते, म्हणून आधी या पानाबद्दलच सांगते.

कागद करायचा तर साल, चिंध्या किंवा बांबू यांचा लगदा करावा लागतो. तो पाण्यात कालवून चाळणीवर उचलायचा, तंतू एकमेकांत गुंतले की वाळवायचा. या पानाच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. दक्षिण चीनमध्ये आणि तैवानमध्ये एक झुडूप वाढतं, रुंद आणि खोलवर कातरलेल्या पानांचं. शास्त्रीय नाव टेट्रापॅनॅक्स पॅपिरिफर, कूळ जिनसेंगचं. त्याच्या खोडात पांढरंशुभ्र भेंड, म्हणजे मऊ, हलका गाभा असतो. खोड कापून ते काठीने ढकलून बाहेर काढतात, वाळवतात, त्याचे तुकडे करतात. मग कारागीर एक तुकडा सपाट फरशीवर ठेवून एका हाताने हळूहळू फिरवत राहतो, आणि दुसऱ्या हातातल्या रुंद सुरीने बाहेरून आतपर्यंत त्याचा अखंड पापुद्रा सोलत नेतो. फरशीच्या कडांना पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. सुरी त्यांच्यावरून सरकते, म्हणून पापुद्र्याची जाडी एकसारखी येते. दाबून सपाट केला, कडा छाटल्या, की झालं पान तयार. हे काम हाताला वर्षानुवर्षं वळण लागल्याशिवाय जमत नाही. चित्रकाराचं नाव निदान कधीतरी टिकतं, पण पापुद्रा सोलणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडचं लग्नातलं भेंडाचं बाशिंग आठवा. हलकं, पांढरं, बोटाने दाबलं तर दबणारं, पण जुनं झालं की हात लावताच तुकडा पडणारं. आपलं भेंड पाणथळ जागी उगवणाऱ्या निराळ्या वनस्पतीचं असतं, पण हाताला जाणवणारा स्वभाव बराचसा हाच.

खोडातलं भेंड ते केवढं असणार? त्यामुळे ही पानं मोठी निघत नाहीत. साधारण वीस बाय तीस सेंटिमीटर म्हणजे भरपूर मोठं पान. दोन-तीन फुटांचं अखंड चिनी चित्र दाखवून कुणी ते भेंडाच्या पानावरचं आहे असं सांगत असेल, तर ते रेशमावरचं किंवा साध्या कागदावरचं असण्याचीच शक्यता जास्त.

आता चित्र समोर ठेवा. हात लावायची घाई नको. खोलीतला दिवा मालवा आणि एका बाजूने, अगदी आडवा, टॉर्चचा प्रकाश पाडा. भेंडाच्या पेशी पाण्याने फुगतात. ओला रंग लागला त्या जागी पान किंचित वर येतं आणि वाळल्यावरही तसंच राहतं. म्हणून आडव्या उजेडात मोराच्या पिसावरचा किंवा झग्याच्या काठावरचा रंग पानापासून उठून आलेला दिसतो. छापलेल्या नकलेत हा उठाव येत नाही. मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. रंग नसलेल्या कोपऱ्यात पाहा. कागद असेल तर इकडेतिकडे धावणारे तंतू दिसतील, रेशीम असेल तर ताणाबाणा दिसेल. भेंडात दोन्ही दिसत नाहीत. तिथे बारीक पेशींची जाळी दिसते, एकसारखी, मखमली. आणि भिंगाखाली रंगांचे छोटे छोटे ठिपके रांगेने मांडलेले दिसले, तर ती छापखान्यातली प्रत आहे, पुढे पाहण्याची गरज नाही.

चित्र सुटं असेल तर दोन्ही तळहातांवर एक जाड, स्वच्छ काच धरून, तिच्या आधाराने, ते खिडकीच्या उजेडासमोर आणा. भेंड अर्धपारदर्शक असतं. कागद गाळताना चाळणीच्या ज्या समांतर रेघा उमटतात, त्या यात नसतात. मागची बाजू दिसत असेल तर ती आवर्जून पाहा. या चित्रकारांची एक सुंदर पद्धत होती. चेहरा आणि हात यांचा रंग ते कित्येकदा मागून भरत. पुढून फक्त भुवया, ओठ, बोटांच्या रेषा. मागचा रंग पानातून झिरपून आल्यासारखा दिसतो आणि त्वचेला मऊपणा येतो. मागच्या बाजूला नेमक्या चेहऱ्याच्या आकाराचा रंगाचा पट्टा सापडला, तर तुम्ही योग्य वस्तूसमोर बसला आहात.

एक कळकळीची विनंती. पाण्याचा थेंब टाकून पाहणं, कोपरा चिमटीत धरून वाकवून पाहणं, कडेचा कपटा जाळून पाहणं, या परीक्षा कुणी सुचवल्या तरी करू नका. या पानाला त्यातली एकही सोसत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. एकोणिसाव्या शतकात पाटणा, मुर्शिदाबाद, त्रिचनापल्ली इथे अभ्रकावर चित्रं काढली जात. पालखीवाले, भिश्ती, फकीर, सणांच्या मिरवणुका. तीही लहान, तीही संचाने विकली जाणारी, गिऱ्हाईकही तेच, परदेशी. पण अभ्रक काचेसारखं पारदर्शक असतं आणि त्याचे थर सुटतात. जपानी लाकडी ठशांची चित्रं तर मुळातच वेगळी. त्यांच्या मागे हाताने घासून छापल्याच्या खुणा आणि झिरपलेली शाई दिसते, आणि कागदाचे लांब तंतू लगेच ओळखू येतात. हे तीन प्रकार एकाच पेटीत सापडू शकतात, म्हणून सांगितलं.

आता ही चित्रं कुणी काढली आणि कुणासाठी? १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय आणि अमेरिकन व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकाच बंदरात व्यापाराची परवानगी होती, ते म्हणजे कँटन, आजचं ग्वांगझू. तिथेही शहराच्या तटाबाहेर, पर्ल नदीच्या काठावर, तेरा वखारींच्या चिंचोळ्या पट्ट्यात. वखारींच्या मधल्या गल्ल्यांत, ओल्ड चायना स्ट्रीट आणि न्यू चायना स्ट्रीटवर, चित्रकारांची दुकानं होती. लामक्वा, म्हणजे ग्वान चाओछांग, युरोपीय पद्धतीने तैलरंगात व्यक्तिचित्रं काढायचा. अमेरिकन डॉक्टर पीटर पार्कर यांनी १८३५ मध्ये कँटनला रुग्णालय सुरू केलं. त्यांच्या रुग्णांच्या गाठींची चित्रं याच लामक्वाने काढली, आणि त्यातली बरीच आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. त्याचा भाऊ टिंगक्वा जलरंगातला. भेंडाच्या पानावर काम करणाऱ्यांत सुनक्वा आणि यौक्वा हीही नावं येतात.

भेंडावरच्या चित्रांची लाट १८२० च्या दशकात सुरू झाली आणि पुढची तीस-चाळीस वर्षं जोरात राहिली. तेव्हा फोटोचं पोस्टकार्ड नव्हतं. बोटीवरच्या खलाशाला, कप्तानाला, कंपनीच्या कारकुनाला घरी न्यायला काहीतरी हलकं, स्वस्त, रंगीत हवं होतं. बारा पानांचा संच, वर रेशमी कापड चढवलेले पुठ्ठे, आत प्रत्येक चित्र फितीने चारी बाजूंनी धरलेलं. विषय ठरलेले. सम्राट आणि दरबारी, रस्त्यावरचे धंदेवाले, नाटकातली पात्रं, चहा आणि रेशीम तयार होण्याच्या पायऱ्या, होड्या, पक्षी, मासे, फुलं. आणि शिक्षांचे प्रकारही, कारण परदेशी गिऱ्हाईक ते मागायचं. चीन म्हणजे क्रूर देश ही पश्चिमेची समजूत घट्ट व्हायला अशा संचांनी हातभार लावला असं मला वाटतं. तसा संच हाती आला तर तो त्या बाजाराचा पुरावा म्हणून पाहावा, चीनचा म्हणून नाही.

दुकानात काम वाटलेलं असे. मूळ रेखाटनावर भेंडाचं पान ठेवलं की रेषा आरपार दिसते, ती गिरवायची. मग एकाने कपडे रंगवायचे, दुसऱ्याने चेहरे, तिसऱ्याने झाडं. म्हणून लंडनच्या एखाद्या संग्रहालयात आणि तुमच्या घरी अगदी तीच बाई, त्याच पंख्यासह, सापडू शकते. फक्त झग्याचा रंग बदललेला. अनेक जण हे पाहून निराश होतात, नक्कल आहे म्हणतात. उलट, ती पुनरावृत्ती हीच त्या दुकानांची रीत होती. चित्रावर सही नसणंही स्वाभाविक आहे. मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दुकानाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर ती सोन्याहून मोलाची समजा. ती काढू नका, पुसू नका.

या सगळ्याशी मुंबईचा संबंध फार जवळचा आहे. कँटनच्या व्यापारात मुंबईहून कापूस जायचा, आणि माळव्याची अफूही जायची. ही दुसरी गोष्ट टाळून त्या काळाबद्दल बोलता येत नाही. पारशी व्यापारी कँटनला राहायचे, तिथे मेले त्यांच्या कबरी त्या किनाऱ्यावर आजही आहेत. जमशेटजी जीजीभाई तरुणपणी अनेकदा चीनला गेले. १८०५ साली ते ज्या जहाजावर होते, ते फ्रेंचांनी पकडलं, आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन होता, जो पुढे त्यांचा व्यापारातला मोठा भागीदार झाला. याच व्यापारात उभी राहिलेली संपत्ती पुढे मुंबईतल्या रुग्णालयाला, शाळांना, आणि १८५७ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेला मिळाली, जिला आपण जे. जे. म्हणतो. पारशी बायकांच्या गारा, म्हणजे चिनी भरतकामाच्या साड्यांवरचे पक्षी, फुलं, पॅगोडे, पुलावरची माणसं पाहा आणि मग भेंडावरची चित्रं पाहा. एकाच बंदरातून निघालेलं ते सामान आहे. म्हणून जुन्या पारशी घराची आवराआवर होते तेव्हा चिनी मातीच्या भांड्यांबरोबर अशा चित्रांकडेही कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

काळ कसा ठरवायचा? चित्रातच पाहा. कँटनच्या किनाऱ्याचं दृश्य असेल तर फार मदत होते. तिथे १८४० च्या दशकाच्या अखेरीला एक चर्च उभं राहिलं, आणि १८५६ च्या डिसेंबरात वखारींचा सगळा भाग जळून गेला. म्हणजे वखारींसमोर चर्च दिसत असेल, तर त्या दृश्याचा काळ जवळजवळ दशकभराच्या आत येऊन बसतो. अर्थात जुनं रेखाटन नंतरही गिरवलं जाऊ शकतं, तेवढी सावधगिरी ठेवायची. जहाजाला शिडांबरोबर धुराडं असेल तर तीही खूण. रंगांत झगझगीत कृत्रिम जांभळा असेल, तर चित्र १८५६ नंतरचंच, कारण त्याआधी तो रंग अस्तित्वातच नव्हता. संचाची मागची पानं इंग्लंडमधल्या गिरणीच्या कागदाची असतील तर ती उजेडासमोर धरा. पाणखुणेत, म्हणजे कागदातच उमटवलेल्या गिरणीच्या खुणेत, कधी कधी साल असतं, आणि मग त्या सालाच्या आधीचा तो संच असू शकत नाही. १८६० नंतरची चित्रं बहुधा आकाराने लहान, कधी काचेच्या झाकणाच्या डबीत घातलेली, आणि हात घाईचा. फोटो स्वस्त झाल्यावर हा धंदा ओसरला.

चेहरे किंवा पांढरी फुलं काळी पडलेली दिसली तर तो डाग समजून पुसायला जाऊ नका. तो शिशाचा पांढरा रंग आहे, हवेतल्या गंधकाने काळा पडलेला. तो बनावटीचा पुरावा नाही, उलट जुनेपणाकडे बोट दाखवणारी गोष्ट आहे. प्रशिक्षित संवर्धक त्यावर काय करायचं ते ठरवतील.

किंमत? हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मी मुद्दाम इथे आणला. अशी चित्रं हजारोंनी निघाली, त्यामुळे पोशाख दाखवणारी एकटी बाई किंवा एकटा अधिकारी, सुटं पान, तडकलेलं, याला फार मोठी किंमत येत नाही. अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. बंदर, वखारी, दुकानाच्या आतलं दृश्य, कारागिरीच्या पायऱ्या, असे विषय दुर्मीळ, म्हणून त्यांना मागणी. सगळी बारा पानं, मूळ बांधणी, मूळ फिती, दुकानाची चिठ्ठी, आणि पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं मालकाचं नाव आणि साल, हे सगळं एकत्र असेल तर मोल कित्येक पटींनी वाढतं. म्हणून मला सगळ्यात जास्त चीड येते ती संच फोडण्याची. बारा पानं सुटी करून बारा चौकटींत घालून विकली की दुकानदाराला पटकन पैसे मिळतात. पण कुठलं चित्र कुठल्या दुकानाचं, कुठल्या क्रमाने, कुणी कधी घेतलं, ही माहिती त्या दिवशी कायमची जाते, आणि ती नंतर कुठल्याही भिंगातून परत दिसत नाही. तुमच्याकडे संच असेल तर तो वारसांत वाटू नका. एकाकडे ठेवा, बाकीच्यांना उत्तम फोटो द्या.

आणि किंमत विचारताना कसली किंमत हवी ते ठरवा. विम्यासाठीची किंमत, लिलावात येऊ शकेल ती किंमत आणि दुकानदार देऊ करेल ती किंमत, या तिन्ही वेगळ्या असतात. मोल सांगणारा माणूस आणि विकत घेणारा माणूस एकच नसावा. सांगितलेलं मोल कारणांसह लेखी घ्यावं.

जपणुकीबद्दल थोडं, कारण आपली हवा या पानांची वैरी आहे. कोरडं पडलं की भेंड आक्रसतं आणि ठिसूळ होतं, पावसाळ्यात फुगतं. चारी कडा पुठ्ठ्याला घट्ट डकवलेल्या असल्या तर ते मधूनच फाटतं. दुपारी एसी, रात्री उघडी खिडकी, ही ओढाताण सगळ्यात वाईट. भिंतीवर लावायचंच असेल तर बाहेरच्या भिंतीवर नको, उन्हाच्या तिरिपेत नको. संग्रहालयं कागदी चित्रांवर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच प्रकाश ठेवतात, म्हणजे आपल्याला खोली अंधारी वाटेल एवढाच. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवलं तर सगळ्यात बरं. पावसाळा संपला की बुरशी आणि कसर पाहा. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, इस्त्री, यांतलं काहीही त्याच्या जवळ आणू नका. फाटलेल्या जागी संवर्धक जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, तीही अगदी कमी ओल ठेवून, आणि ते काम घरी करण्यासारखं नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथेच टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहातल्या चिनी आणि जपानी वस्तूही पाहायला मिळतात. डोळा तयार करायचा तर आधी तिथे जाऊन तास दोन तास नुसतं पाहावं.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तूत मोडतं. ते परदेशी बनावटीचं असलं तरी तुम्हा-आम्हाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनला राहणाऱ्या मुलीला टपालाने पाठवून देऊ, किंवा परदेशातल्या लिलावात ठेवू, असा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो, तोही विचारून घ्या.

तज्ज्ञाकडे फोटो पाठवताना नुसता समोरचा फोटो पाठवू नका. एक फोटो समोरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. एक आडव्या प्रकाशात. एक उजेडासमोर धरून. मागची बाजू, चारी कोपरे, फितीचा एक तुकडा जवळून, पुठ्ठ्याची आतली बाजू. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि घरात ते कुणी आणलं, कुणाकडून आलं, कोणत्या खोलीत टांगलेलं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ते सांगतील त्याच शब्दांत, शिसपेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा, आणि तो कागद त्याच पेटीत, पण चित्राला न चिकटवता ठेवा.

धन्यवाद. नमस्कार.